तुटलेला तंगूस जातो कुठं

हिप्परगा तलावावर रविवारी सकाळी गेलात तर कडेकडेनं गळ टाकून बसलेली माणसं दिसतात, कुणी एकटं, कुणी पोराला घेऊन, कुणी दोन-तीन दोस्त मिळून, शेजारी पेंडीची पिशवी, पाण्याची बाटली, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. मधूनच कुणाचा तरी गळ खाली अडकतो. मग तो माणूस दोरी जरा डावीकडं उजवीकडं करून बघतो, सैल सोडून बघतो, नाहीच सुटला की ती दोरी, म्हणजे तंगूस, हाताला गुंडाळून खेचतो आणि तो तुटतो. तुटला की विषय संपला, नवा गळ बांधायचा, नवं शिसं लावायचं, परत टाकायचा. खाली राहिलेला तो दहा-पंधरा फुटांचा तुकडा, त्याच्या टोकाचा गळ, शिशाची गोळी, हे कुणाच्याच हिशोबात राहत नाही. आमची काही मंडळी उन्हाळ्यात तेच काढायला पाण्यात उतरतात आणि मी काठावर दोर धरून असते. सोलापुरात कुणाला हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, तलावात डायव्हिंग? इथं? आणि कचरा तर वर पडलाय की, खाली कशाला जायचं? म्हणून एकदा नीट लिहूनच काढते.

बाहेरच्यांसाठी सांगते, हिप्परगा म्हणजे एकरुख तलाव, सोलापूरहून तुळजापूर रोडला लागलं की शहर मागं पडलं न पडलं तोच दिसायला लागतो. आदिला नदी अडवून इंग्रजांच्या काळात, एकोणिसाव्या शतकात बांधलेला, आपल्या या दुष्काळी पट्ट्यात शेतीला पाणी मिळावं म्हणून. आज शहराला पाणी उजनीच्या पाइपलाइननं येतं, भीमेवरच्या टाकळीतून येतं आणि हिप्परग्यातूनही येतं, म्हणजे जे पाणी यायच्या दिवशी आपण घरातलं भांडं न् भांडं भरून ठेवतो त्यात या तलावाचाही वाटा आहे. कोजागिरीला तुळजापूरला पायी निघालेली गर्दी याच रस्त्यानं जाते. थंडीत पट्टकदंब येतात, हिमालय ओलांडून आलेले, आणि दुर्बिणी घेऊन त्यांना बघणारेही येतात. मच्छीमारांची जाळी असतात, धुणं धुणारे असतात, म्हशी असतात. एवढ्या सगळ्यांना मिळून हा एक तलाव आहे.

आता तंगूस. तंगूस म्हणजे नायलॉनचा एकेरी धागा, पाण्यात दिसत नाही म्हणून तर तो वापरतात. नायलॉन पाण्यापेक्षा जड, त्यामुळं तुटला की खाली जातो, आणि खाली गेल्यावर कुजत नाही. उन्हात पडला असता तर निदान ठिसूळ होऊन तुकडे पडले असते, पण गाळात ऊन पोचतच नाही, तिथं तो वर्षानुवर्षं जसाच्या तसा. पूर्वी सुताची, तागाची जाळी असायची, ती हरवली तरी पाण्यात कुजून जायची, निसर्ग त्याचं बघून घ्यायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर नायलॉन आलं, मच्छीमाराचं काम हलकं झालं, जाळं टिकायला लागलं, यात वाईट काहीच नाही, पण जो गुण हातात असताना चांगला तोच हरवल्यावर घातक ठरला. तळाला पडलेलं जाळं मासे पकडायचं थांबत नाही. मासा अडकतो, मरतो, त्याला खायला खेकडा येतो, मांगूर येतो, कासव येतं, ते अडकतं, त्याला खायला आणखी कुणीतरी. बाहेर काढणारा माणूसच नाही, म्हणजे हे चालूच. समुद्रात याला घोस्ट नेट म्हणतात, त्यावर बरंच बोललं जातं, फिल्म बनतात. तलावातल्या जाळ्याबद्दल कोण बोलतंय?

माझे मामा बोलायचे. मामांचं सगळं आयुष्य शहराच्या पूर्व भागात यंत्रमागावर गेलं आणि सुट्टीचा दिवस हिप्परग्यावर. त्यांच्या डोक्यात तलावाचा तळ आहे, अक्षरशः, कुठं खडक, कुठं जुनी बाभळीची खोडं, कुठं गाळ, कुठं पूर्वीच्या वाटेचे दगड. पन्नासेक वर्षं गळ अडकवून अडकवून तयार झालेला नकाशा आहे तो. माझा मावसभाऊ तारकर्लीला एमटीडीसीच्या स्कूबा डायव्हिंगच्या संस्थेत शिकून आला, तिकडंच मालवणकडं काम करायला लागला, आणि एकदा सुट्टीत आला असताना मामा त्याला म्हणाले, "तू तिकडं समुद्रात लोकांना मासे दाखवलालास, इकडं आपल्या तळ्यात मासे फुकट मरलालेत ते बघ की जरा." सुरुवात म्हणाल तर एवढीच. मग त्याचे दोघं-तिघं डायव्हर मित्र, एक पुण्याकडची मुलगी, इथले पोहणारे दोघं, होडीवाले काका, मी, आणि काठावर मामा. नाव नाही, बॅनर नाही, टीशर्ट नाही. परवानगी मात्र रीतसर काढतो, आणि मच्छीमारांना विचारल्याशिवाय एकदाही उतरत नाही, हे दुसरं जास्त महत्त्वाचं.

तलावातलं डायव्हिंग समुद्रातल्यासारखं नसतं हे मला भावाकडून कळलं. यूट्यूबवर दिसतं तसं निळं पाणी, रंगीत मासे, असलं काही नाही. वर उभं राहून पाणी हिरवट दिसतं, चार-पाच फूट खाली गेलं की चहाच्या रंगाचं, आणि तळाला हात लागला की गाळ उठतो आणि सगळं संपलं, टॉर्च लावला तरी प्रकाश गाळावरून परत डोळ्यात. मग काम हातानंच. रात्रपाळीत लाइट गेल्यावर मागावरचा कामगार तुटलेला धागा बोटांनी चाचपत शोधतो ना, अगदी तसं, फक्त इथं धागाच तुम्हाला धरू शकतो. म्हणून प्रत्येकाकडं दोन कापायची हत्यारं, एक पायाला एक छातीला, म्हणजे एक हात अडकला तरी दुसऱ्या हातानं दुसरं काढता येतं. जाड हातमोजे, कारण गळ गंजलेले असले तरी टोक शाबूत असतं. टिटनसचं इंजेक्शन आधीच घेतलेलं. आणि कमरेला दोर, त्याचं वरचं टोक माझ्या किंवा होडीवाल्या काकांच्या हातात. एक हिसका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे दोर सैल सोड, तीन म्हणजे वर येतोय, आणि सलग हिसके म्हणजे ओढा. मी दोर धरलेला असताना फोन बघत नाही, कुणाशी बोलत नाही, काठावर मला आवाज दिलेला मला आवडत नाही, लोकांना राग येतो पण येऊ दे.

एक गोष्ट ऐकून मला फार नवल वाटलं होतं. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचावर आहे, आणि तीनशे मीटरच्या वर डायव्हिंग केलं की ते उंचावरचं डायव्हिंग धरतात, हवेचा दाब कमी असल्यामुळं किती खोल किती वेळ याचं गणित वेगळं करावं लागतं. हिप्परग्यात आम्ही उथळच काम करतो तरी भाऊ ते गणित प्रत्येक वेळी वहीत मांडतो. शिवाय गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा हलकं, म्हणून कमरेचं वजन समुद्रात लावतात तेवढं लावलं तर माणूस थेट गाळात जाऊन बसेल, ते कमी करावं लागतं. सिलिंडर बाहेरून भरून आणायचे, ते संपले की त्या दिवसाचं काम संपलं, मग समोर जाळं अर्धं कापून राहिलेलं असलं तरी तिथं खुणेची बाटली बांधायची आणि घरी जायचं. यात कुणी हट्ट करत नाही.

वेळ म्हणजे मार्चच्या शेवटापासून पावसाआधीपर्यंत. पाणी उतरलेलं असतं, पाहुणे पक्षी परत गेलेले असतात. पण आपला उन्हाळा तुम्हाला माहीत आहे, एप्रिलात पारा चाळिशीच्या पुढं, काळा रबरी सूट घालून काठावर उभं राहायचं म्हणजे पाण्यात जायच्या आधीच माणूस गळून जायचा. म्हणून उजाडता उजाडता उतरायचं आणि नऊ-साडेनऊला आवरतं घ्यायचं. दुपारनंतर वारंही सुटतं. उजनीत २०२४च्या मे महिन्यात कुगावहून कळाशीला निघालेली बोट अशाच संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले, आपल्याच जिल्ह्यातलं पाणी ते. तेव्हापासून होडीवाले काका लाइफ जॅकेटशिवाय कुणालाही होडीत पाय ठेवू देत नाहीत, स्वतःही घालतात. आधी घालत नव्हते.

काय निघतं ते सांगते. सगळ्यात जास्त तंगूसच, गोळेच्या गोळे, एकमेकांत गुरफटलेले, मधे बाभळीच्या काटक्या, शेवाळ, गळ. ज्या खोडात एक गळ अडकतो त्याच खोडात पुढचा अडकतो, कारण आधीचा तंगूस तिथं पसरलेलाच असतो, म्हणजे लोकांचे गळ अडकायचं एक मोठं कारण लोकांचेच जुने गळ आहेत. मामांनी दाखवलेलं एक खोड आम्ही मोकळं केलं, त्याच्याभोवती हात घालायला जागा नव्हती इतका तंगूस होता, भावाला दोन सिलिंडर लागले. मामा काठावर त्या गोळ्यातले गळ एकेक करून सोडवत बसले होते आणि एक-दोन गळ त्यांनी ओळखले, म्हणजे गाठ ओळखली, मागावरच्या माणसाची गाठ वेगळी असते म्हणे.

मग जाळी. पूर्ण जाळं क्वचित, तुकडे जास्त. तळाला चिखलात अर्धं गाडलेलं, अर्धं उभं. एका तुकड्यात चिलापीचे सांगाडे होते, ओळीनं, कल्ल्यापाशी अडकलेले. एकात विरोळा सापडला. विरोळा पाण्यात राहतो पण श्वास वरच घ्यावा लागतो त्याला, जाळ्यात अडकला की तो बुडून मरतो, साप बुडून मरतो हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. टिबुकल्या आणि पाणकावळ्यांचंही तेच, मासा धरायला बुडी मारतात आणि वर येता येत नाही. एकदा मात्र जिवंत कासव आलं, पुढच्या पायाला तंगूस इतका आवळलेला की चामडी कापली होती. पुण्याच्या मुलीनं नखं कापायच्या छोट्या कात्रीनं तो कापला, अर्धा तास लागला असेल, कासव आतल्या आत मान घेऊन गप्प. सोडल्यावर गेलं. जगलं असेल असं मी धरून चालते.

बाकीचा कचरा म्हणजे तुम्हाला वाटेल तो. दारूच्या बाटल्या खूप, काचेच्या. गुटख्याच्या पुड्या. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या वर तरंगतात असं आपल्याला वाटतं, झाकण लावलेल्या तरंगतात, पण झाकण नसलं की पाणी भरतं आणि त्या प्लास्टिकचं वजनच पाण्यापेक्षा जास्त असल्यानं तळाला जातात. कॅरीबॅगचं प्लास्टिक हलकं असतं, पण आत गाळ भरला की तीही खालीच. निर्माल्य तर कॅरीबॅगेत गाठ मारून टाकलेलं, फुलं कुजून गेलेली, गाठ तशीच. फुटलेले देवांचे फोटो, काचेसकट. देवाला पायाखाली यायला नको म्हणून पाण्यात सोडतात, भावना मला समजते, आमच्या घरातही हेच चालायचं, पण ती काच तळाला जाते आणि मच्छीमाराच्या पायात घुसते, जाळं ओढताना तो अनवाणी कडेला उतरतो. यावर मला यापेक्षा जास्त बोलायचं नाही, बोलणारे पुष्कळ आहेत.

शिशाबद्दल बोलायचंय. गळाला वजन म्हणून शिशाच्या गोळ्या लावतात, चिर असलेली गोळी तंगुसावर बसवायची आणि दातानं दाबून बंद करायची, सगळेच असं करतात, लहान पोरंसुद्धा. शिसं विषारी आहे, लहान मुलांच्या मेंदूला तर अगदी थोडंसुद्धा वाईट. आणि पाण्यातल्या पक्ष्यांचा प्रश्न वेगळाच, बदकं-हंस तळातले बारीक खडे गिळतात, पोटात दाणे दळायला, त्यात शिशाची गोळी गेली तर तीही तिथं दळली जाते आणि विष अंगात भिनतं. इंग्लंडमध्ये असे हंस मरायला लागले म्हणून १९८७मध्ये गळाच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी घातली गेली. आपल्याकडं पट्टकदंब येतात, बदकं येतात, ती काय वेगळ्या पोटाची आहेत? मामांनी ऐकल्यावर एक शब्द न बोलता घरातल्या डब्यातनं मागाचे जुने लोखंडी नट काढले आणि ते वजन म्हणून बांधायला सुरुवात केली. लोखंड गंजतं, जातं. आता त्यांच्या शेजारी बसणारे दोघं-तिघं नटच वापरतात, भंगारवाल्याकडं किलोवर मिळतात, शिशापेक्षा स्वस्त पडतात. दातानं गोळी दाबू नका एवढं जरी पोरांना सांगितलं तरी खूप झालं.

आता जरा वादाचा विषय. सगळं बाहेर काढायचं का? पहिल्यांदा आम्ही जे हाताला लागेल ते वर आणत होतो. एकदा ट्रकचं टायर निघालं, चार जणांनी ओढून काठावर आणलं, लोकांनी व्हिडिओ काढले, आणि एक म्हातारे मच्छीमार आले आणि चिडून म्हणाले, "ते कशाला काढलाव? त्याच्यात मरळ राहतंय." आणि खरंच, आतून शिंपले चिकटलेले होते, बारीक कोळंबी तडतडत होती. तारकर्लीत भावाला हेच शिकवलेलं होतं की ज्या वस्तूवर जीव बसलेले आहेत ती काढायच्या आधी विचार करा, काढून जास्त नुकसान होणार असेल तर राहू द्या, पण टायर बघितलं की माणसाला ते हिरो व्हायचं काम वाटतं. मला विचाराल तर टायर पाण्यात नकोच, त्यातनंही काय काय झिरपत असणार, पण ज्याचं पोट त्या तलावावर आहे त्याचं म्हणणं मी बाजूला टाकू शकत नाही. सध्या आमच्यात असं ठरलंय की जाळं, तंगूस, गळ, शिसं, काच हे शंभर टक्के काढायचं, जे अडकवतं, कापतं, विष सोडतं ते. मडकी, दगड, जुनी खोडं यांना हात लावायचा नाही. टायरवर अजून भांडणं चालू आहेत. फोटोत टायर छान येतं आणि तंगुसाचा गोळा केसांच्या गुंत्यासारखाही दिसत नाही, नुसता चिखल दिसतो, त्यामुळं बघणाऱ्यांना वाटतं आज काही विशेष निघालं नाही. त्या चिखलासाठीच तर आम्ही उतरतो.

मच्छीमारांशी बोलायला लागल्यावर मला आणखी एक कळलं. रोहू, कटला, मृगळ हे साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पुराचं पाणी लागतं. म्हणून तलावात बोटुकली विकत आणून सोडावी लागते, ती मोठी व्हायची वाट बघावी लागते. म्हणजे हरवलेल्या जाळ्यात मेलेला प्रत्येक कटला हा कुणीतरी पैसे घालून सोडलेला मासा आहे. चिलापी आपली आपण वाढते, तिला कुणी सोडावं लागत नाही, आणि त्यामुळंही लोकांना वाटतं की मासे काय, भरपूर आहेत. जाळं मुद्दाम कुणी टाकून देत नाही, हजारो रुपयांचं असतं ते. पाणी अचानक वाढतं, वाऱ्यानं खुणेचं थर्माकोल तुटतं, खोडात अडकून फाटतं, कधी चोरी होते आणि चोर अर्धं कापून नेतो. त्यामुळं मच्छीमारांना दोष देणारी भाषा काठावर कुणी काढली तर मी तिथंच थांबवते. उलट जाळं हरवल्याचं तेच आम्हाला फोन करून सांगतात आता, आणि ताजं हरवलेलं जाळं शोधून दिलं तर ते त्यांच्या उपयोगाला येतं, हे काम मला सगळ्यात आवडतं.

जगात हे मोठ्या प्रमाणात चालतं. अमेरिकेत फ्लोरिडातल्या डीअरफील्ड बीचला समुद्रात गेलेला एक लांब मासेमारीचा धक्का आहे, लोक त्याच्यावर उभं राहून गळ टाकतात, तिथं २०१९च्या जूनमध्ये एकाच दिवशी ६३३ डायव्हर उतरले आणि पाण्याखालच्या सफाईचा गिनीज रेकॉर्ड झाला, आणि निघालेल्यात मासेमारीचंच सामान भरपूर होतं, शिसं आणि दोऱ्या. लेक टाहो म्हणून डोंगरातलं एक मोठं तळं आहे, त्याचा सगळा ७२ मैलांचा काठ डायव्हरांनी २०२१ ते २०२२ वर्षभर थोडा थोडा करून साफ केला, पंचवीस हजार पौंडांच्या वर कचरा काढला, म्हणजे आपल्या मापात अकरा टनांहून जास्त. मला या दोन्हीतलं टाहोचं जास्त पटतं. एका दिवसाची गर्दी आपल्या तलावाला झेपणार पण नाही, सहाशे माणसं उतरली तर गाळ आठवडाभर बसायचा नाही. चार माणसांनी एकेक खोड मोकळं करत जाणं हेच इथं जमण्यासारखं आहे.

निघालेल्याचं पुढं काय करायचं ही खरी डोकेदुखी. शिसं भंगारात जातं, काच जाते, टायरवाला टायर नेतो. नायलॉन कुणी घेत नाही, चिखलानं भरलेलं, गळ अडकलेले, गाठी. इटलीची एक कंपनी जुन्या जाळ्यांचं नायलॉन रासायनिक प्रक्रियेनं मूळ घटकात मोडून त्याचं परत नवं सूत बनवते, २०११पासून करतेय, त्याचे कपडे, गालिचे होतात. आपलं गाव सुताचं. चादर, टॉवेल, यंत्रमाग, रंगाई, सगळं इथं आहे, धाग्याबद्दल सोलापूरच्या माणसाला काही शिकवावं लागत नाही. मग इथं कुणी हे का करू नये असं मला मनापासून वाटतं, निदान जाळी धुऊन, गळ काढून, गठ्ठे बांधून बाहेर पाठवायची सोय तरी. आत्ता आम्ही ते वाळवून, गळ वेगळे करून, पोत्यात भरून एका गोडाऊनमध्ये ठेवलंय. वाळवल्यावर वजन फार भरत नाही, तेवढ्यासाठी गाडी कुठं पाठवायची हा प्रश्न आहे. गळ वेगळे करायचं काम आमच्या गल्लीतल्या बायका करतात, विडी वळलेल्या हातांना बारीक काम जमतं, आणि त्यांना त्याचे पैसे देतो, हे काम फुकट करून घ्यायचं नाही यावर मी ठाम आहे.

काठावर एक साधी गोष्ट केलीय. दोन लिटरच्या बाटलीला वर मुठीएवढं भोक पाडून ती झाडाला बांधायची, तुटलेला, गुंतलेला तंगूस त्यात टाकायचा. सुरुवातीला बाटल्याच चोरीला गेल्या. मग मामांनी त्यांच्या ओळखीच्या गळवाल्यांना सांगितलं, ते आपापली बाटली घरून आणतात, कमरेला किंवा पिशवीला लावतात. पोरं तर भरलेली बाटली दाखवायला आणतात आम्हाला. आणि गळ अडकला तर खेचायच्या आधी बाजूला चालत जाऊन दुसऱ्या कोनातनं सोडवायचा प्रयत्न करा, बऱ्याचदा सुटतो, हे मामा प्रत्येकाला सांगतात, नवख्याला दोनदा सांगतात.

एक विनंती आहे, हे वाचून कुणी चष्मा आणि नळी घेऊन तलावात उतरू नका, पोहता येत असलं तरी. तळाच्या तंगुसात पाय अडकला तर उत्तम पोहणारासुद्धा वर येत नाही, आणि कापायचं हत्यार, दोर धरणारा माणूस, शिकलेला जोडीदार हे सगळं नसेल तर तिथं जायचं कारणच नाही. मदत करायची असेल तर काठावर भरपूर काम आहे.

या उन्हाळ्यात पाणी उतरलं की आम्हाला तलावाचं पलीकडचं अंग बघायचंय, तिकडचा तळ मामांनाही माहीत नाही, ते कधी तिकडं बसले नाहीत. तिकडं गळ टाकणारं कुणी ओळखीत असेल, तुमचे काका, आजोबा, शेजारी, तर त्यांना विचारा की गळ नेमका कुठं अडकतो, काठावरच्या कुठल्या झाडाच्या किंवा दगडाच्या समोर आणि साधारण किती लांब टाकल्यावर. झाडाला चुन्याची खूण केली तरी चालेल, लाल चिंधी बांधली तरी चालेल. आणि जुन्या शिंपीकामाच्या जाड कात्र्या कुणाकडं पडून असतील तर हव्या आहेत, धार आम्ही लावून घेऊ.